तटस्थ भूमीच्या शोधात

दोन अनोळखी सशांची पहिली भेट दोघांपैकी कोणाचाही हक्क नसलेल्या जागेत घडवून आणावी, असे जाणकार सांगतात. हे जाणकार ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावरच्या वन बीएचकेमध्ये राहत नसावेत. आमच्या घरात स्वयंपाकघर सौभाग्यवतींचे, देवघराचा कोपरा आईचा, टीव्हीसमोरचा सोफा वडिलांचा आणि उरलेली सगळी फरशी तात्या या आमच्या आद्य सशाची आहे. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी तो हनुवटी घासून जागा धरतो. माझ्या चपलाही त्याने धरल्या आहेत.

एकटा ससा झुरतो म्हणून आम्ही ठकीला दत्तक आणले. सशिणीचे गर्भारपण जेमतेम ३१ दिवसांचे असल्यामुळे दोघांच्याही शस्त्रक्रिया आधीच उरकल्या होत्या. तरीही नर पुढचे काही आठवडे भरवशाचा नसतो, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे हॉलच्या मधोमध जाळी उभी राहिली. एकमेकांच्या वासाची सवय व्हावी यासाठी त्याच्या अंगाखालचे फडके तिच्याकडे आणि तिचे त्याच्याकडे, ही देवाणघेवाण रोज दिवाबत्तीच्या आधी पार पडत असे, आणि त्यानंतर मी हात धुतल्याची खात्री केल्याशिवाय आई मला समईजवळ फिरकू देत नसे.

शेवटी घरातली एकमेव तटस्थ भूमी म्हणून बाथरूमची निवड झाली. पाय घसरू नयेत म्हणून खाली जुनी सतरंजी अंथरली आणि मी जाड हातमोजे घालून पालथ्या बादलीवर बसलो. सुरुवातीला पाठलाग झाला, थोडे केस उडाले, आणि मग अचानक दोघांनीही समोरासमोर बसून माना जमिनीला टेकवल्या. दारातून डोकावणाऱ्या आईला गहिवरून आले. ‘‘बघ, कसे वाकून नमस्कार करताहेत!’’

वस्तुस्थिती अगदी उलट होती. सशाने दुसऱ्यापुढे मान खाली घालणे म्हणजे ‘माझे कपाळ चाट’ असा हुकूम असतो. म्हणजे दोघांनीही हुकूम सोडला होता आणि तो पाळायला कोणीच तयार नव्हते. तात्याचे नाक तेवढे हलत होते. ठकीने एक कान मागे टाकला, तोही सावकाश. अशा वेळी मध्ये बोलायचे नसते, त्यामुळे मी बादलीवर गप्प बसून होतो आणि बाहेरून वडील, खांद्यावर पंचा टाकून, दर मिनिटाला आठवण करून देत होते, ‘‘अरे, पाणी जाईल!’’

पाणी गेलेच. पण त्याआधी तात्याने माघार घेऊन ठकीचे कपाळ चाटले, आणि घरात शब्द कोणाचा चालणार, हे कायमचे ठरले.

आता एकाला दवाखान्यात न्यायचे, तर दोघांनाही न्यावे लागते. एकटाच जाऊन परतलेल्याला दवाखान्याचा वास येतो, घरी राहिलेला त्याला ओळखतच नाही आणि पुन्हा सतरंजी अंथरण्याची वेळ येऊ शकते. तात्याचे दात तपासायला निघालो, तेव्हा रिक्षावाल्याने वडिलांच्या मांडीवरच्या पिंजऱ्याकडे पाहून विचारले, ‘‘दोघं आजारी आहेत का?’’

‘‘नाही, एकच. दुसरी सोबतीला आहे.’’

त्यावर वडील म्हणाले, ‘‘मला परवा डोळे तपासायला एकट्यालाच पाठवलंत.’’