देवगिरी मिठामुळे पडली नाही

देवगिरीचा विषय निघाला की मिठाच्या गोण्या हटकून येतात. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, घाईघाईत गोण्या गडावर चढवल्या, उघडून पाहतात तर धान्याऐवजी मीठ, आणि रामदेवराव यादव शरण गेले. पिढ्यानपिढ्या आपण पोरांना हेच सांगत आलो. मला या गोष्टीचा राग येतो. ती सांगणारा इतिहासकार फरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, तरी ती खरी धरू. पण तिच्यामुळे सगळं खापर कोकणातल्या व्यापाऱ्यांच्या गोण्यांवर फुटलं आणि राज्यकर्ते अलगद सुटले.

अल्लाउद्दीन तेव्हा सुलतानही नव्हता. कडा-माणिकपूरचा सुभेदार, चुलत्याला, म्हणजे सुलतान जलालुद्दीनला, खरा बेत न कळवता निघालेला. काही हजार घोडेस्वार घेऊन तो चंदेरी, भिलसा करत अचलपूरला येतो, तिथे मुक्काम टाकतो, आणि राजधानी बेसावध! मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर. हेरखातं काय करत होतं? तीन-चार वर्षांपूर्वीच हाच माणूस भिलसा लुटून गेला होता.

अडवायला उभा राहिला तो लासूरच्या घाटात कान्हा नावाचा यादवांचा अधिकारी. त्याच्या सैन्यातल्या दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या, असं इसामी लिहितो. इसामी आपला भाट नव्हे, सुलतानांचा इतिहास लिहिणारा माणूस. त्या दोघींची नावंही आपल्याकडे नाहीत. मीठ मात्र सगळ्यांना पाठ.

आणि मुख्य मुद्दा असा की 1296 मध्ये राज्य बुडालंच नाही. अल्लाउद्दीन लूट आणि अचलपूरच्या महसुलाचा करार घेऊन परतला आणि त्याच लुटीच्या जोरावर चुलत्याला मारून दिल्लीच्या तख्तावर बसला. यादवांना त्यानंतर अकरा वर्षं मिळाली. त्या काळात 1299 ला गुजरात गेलं, 1303 ला चितोड, 1305 ला माळवा. दिल्लीची सीमा यादवांच्या अंगणाला येऊन भिडली. 1303 मध्येच काकतीयांच्या वरंगळवर गेलेली दिल्लीची फौज हात हलवत परतली होती, म्हणजे दक्षिणेला लढता येत होतं. यादव, काकतीय आणि होयसळ एकत्र बसल्याची एक तरी खूण दिसते का? मला दिसली नाही. पिढ्यानपिढ्यांची वैरं त्यांना दिल्लीपेक्षा मोठी वाटली.

माझ्या मते दख्खनची कलाटणी 1307 ते 1311 या चार वर्षांत आहे. खंडणी थांबली म्हणून अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवरावांना दिल्लीला नेलं. तिथे त्यांचा अपमान झाला नाही, उलट सन्मान झाला. ‘रायरायान’ हा किताब मिळाला, नवसारी मिळाली. त्यानंतर देवगिरी दिल्लीच्या दक्षिण मोहिमांचं ठाणं झाली. काफूर वरंगळवर निघाला तेव्हा त्याच्या फौजेची रसद इथून गेली. होयसळांच्या द्वारसमुद्रावर निघाला तेव्हा वाट दाखवायला यादवांचाच दळवी, म्हणजे सेनानी, होता. 1276 मध्ये रामदेवरावांच्या सैन्याने त्याच द्वारसमुद्रावर चाल करून हार खाल्ली होती. तो जुना सल आता दिल्लीच्या तलवारीने निघाला, आणि काफूर तसाच पुढे मदुरेपर्यंत गेला.

रामदेवरावांना मी भित्रा म्हणणार नाही. ज्ञानेश्वरीत ज्यांचा गौरवाने उल्लेख आहे, ज्यांच्या दरबारी हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, होता, तो राजा लहान नव्हता. प्रजेचे हाल वाचवावेत असंही त्यांना वाटलं असेल. पण दिल्लीला साथ देण्याच्या त्या निर्णयाची किंमत सगळ्या दख्खनने मोजली, हे म्हणायला आपण कचरू नये.

वडिलांच्या पश्चात शंकरदेवाने दिल्लीचं मांडलिकत्व झुगारलं आणि तो लढताना मारला गेला. मग रामदेवरावांचा जावई हरपाळदेव उठला. 1318 च्या सुमारास दिल्लीचा सुलतान मुबारक खिलजीने त्याला पकडून क्रूरपणे ठार केलं. हरलेली लढाई दोघांनी डोळे उघडे ठेवून घेतली होती. पोरांना देवगिरी दाखवायला नेलंत तर मिठाआधी या दोघांची नावं सांगा.