पाऊस अहमदाबादला, जीव लिव्हरपूलला

काल रात्री, म्हणजे 28 मे 2023 च्या रविवारी, माझ्या घरात, माझ्या पैशाने घेतलेल्या टीव्हीवर मी नऊ ते अकरा अहमदाबादचा पाऊस बघितला. मॅच नव्हे, पाऊस. आयपीएलची फायनल टॉसच्याही आधी भिजली होती आणि पडद्यावर नुसती कव्हरं दिसत होती. त्याच वेळी, त्याच टीव्हीवर, चार चॅनेल पलीकडे माझा लिव्हरपूल शहरातला एव्हर्टन क्लब पहिल्या दर्जाच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये राहतो की 1951 नंतर पहिल्यांदा खाली ढकलला जातो, याचा निकाल लागत होता. रिमोट मामांच्या मांडीखाली होता.

मामा म्हणजे बायकोचे मामा. मिरजेचे. पुण्यात एका लग्नाला आले होते आणि आज सकाळच्या एसटीने परत जाणार होते. पाहुण्याच्या हातातून रिमोट काढून घेऊ नये, त्यात पाहुणा सासरचा असेल तर मनातसुद्धा आणू नये. तरी मी धीर केला.

"मामा, पाऊस थांबेपर्यंत जरा दुसरं लावू का?"

"पाऊसच बघतोय मी, जावईबापू."

आणि ते खरोखरच पाऊस बघत होते. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. उभा जन्म पाण्याच्या मागे गेलेला माणूस, त्याला समोर एवढं मोठं ओलं मैदान मिळालं, मग काय विचारता! कव्हरावर पाणी कुठे साठतंय, उतार कुठल्या अंगाला आहे, खाली वाळू किती असावी, पाणी ओढायचं यंत्र उलट्या बाजूने का फिरवायला हवं होतं, सगळं मला समजावून सांगत होते. "निचरा बघा, निचरा!" हे अशा सुरात, की धोनीने सिक्स मारली असती तरी एवढं कौतुक झालं नसतं. मध्येच पाऊस जरा थांबला, माणसं कव्हरं ओढायला धावली. मामांनी मान हलवली. "घाई करताहेत." थोड्याच वेळात सर परत आली आणि मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ती त्यांच्याच सहीने सुटली होती.

मी आमरसाच्या वाटीला मोबाईल टेकवून ठेवला. त्यावर एव्हर्टन विरुद्ध बोर्नमथ. चित्र अंगठ्याएवढं, त्यात चेंडू कुठला आणि काचेवरचा रसाचा शिंतोडा कुठला, ते ओळखायचं.

"जेवताना मोबाईल बघू नये," मामा म्हणाले. टीव्ही बघता बघता म्हणाले.

"मामा, आमच्या संघाची शेवटची मॅच आहे. हरले तर खालच्या डिव्हिजनला जातील."

ही माझी चूक नव्हती, माहिती होती. पण मामांनी प्रथमच पडद्यावरून नजर काढली.

"खालच्या म्हणजे?"

"वीस संघ असतात. शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात, तिथले तीन वर येतात."

"नापास झालं तर पोरगं त्याच वर्गात बसतं. खालच्या वर्गात कसं घालतील?"

"फुटबॉलमध्ये घालतात."

"आपल्या आयपीएलमध्ये हैदराबाद दहावं आलं. पुढच्या वर्षी आहेच की!"

"आहे. इथे तसं नसतं."

"मग ही पदावनती झाली." मामा सावरून बसले. आता विषय त्यांच्या खात्यात आला होता. त्यांच्या ऑफिसात एका हेडक्लार्कची पदावनती झाली होती म्हणे. गडी मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात गेला, स्टे आणला, त्याच खुर्चीवरून निवृत्त झाला आणि फरकाची रक्कमही घेतली. "तुमच्या लोकांनी वकील दिला नाही का?"

मी म्हटलं, खाली गेलेल्या क्लबांना सुरुवातीची काही वर्षं लीगकडून थोडे पैसे मिळतात.

"म्हणजे पेन्शन आहे! मग रडता कशाला?"

बायको स्वयंपाकघरात हसत होती. तिचं हे नेहमीचं आहे.

एव्हर्टनच का, हे मला सोसायटीतली पोरंही विचारतात. सगळी मँचेस्टर सिटीचे निळे शर्ट घालून हिंडतात, आणि माझाही शर्ट निळा बघून "काका, तुम्हीपण सिटी?" म्हणत टाळी द्यायला येतात. मग मी सांगतो. 2002 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षंही पूर्ण न झालेल्या वेन रूनीने शेवटच्या मिनिटाला आर्सेनलला असा काही गोल मारला की त्यांची 30 सामन्यांची अपराजित घोडदौड थांबली. तो गोल बघून मी एव्हर्टनचा झालो. दोन वर्षांत रूनी मँचेस्टर युनायटेडला निघून गेला. मी राहिलो. एवढं ऐकेपर्यंत पोरं पांगलेली असतात.

त्यांचंही बरोबर आहे. या हंगामात सिटीच्या एकट्या हालांडने लीगमध्ये 36 गोल केले. आमच्या अख्ख्या संघाने 38 सामन्यांत 34. आमचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू ड्वाइट मॅकनील, त्याचे 7. मे महिन्यात ब्रायटनला त्यांच्या घरी 5-1 हरवलं तेव्हा मी स्कोअर दोनदा उलटसुलट वाचला, पाच आपले आहेत याची खात्री होईना. वुल्व्हजविरुद्ध येरी मिनाने 99 व्या मिनिटाला बरोबरी साधली. नव्व्याण्णव! आमच्याकडे त्या वेळेपर्यंत प्रेक्षक पार्किंगमधून गाडी काढत असतात.

यावर हसून झालं की चिडच येते. कारण हा काही गरीब क्लब नाही. नऊ वेळा विजेता आहे, शेवटचा 1987 मध्ये. 2016 मध्ये फरहाद मोशिरी क्लबात मोठा हिस्सा घेऊन आले आणि खेळाडूंवर पन्नास कोटी पौंडांहून जास्त उधळले. काय घेतलं, कशाला घेतलं, कोणी ठरवलं, पत्ता नाही. जो मॅनेजर येईल तो आपल्या पसंतीची माणसं आणणार, तो गेला की ती माणसं पुढच्याच्या गळ्यात. जानेवारीत लॅम्पार्डला काढून शॉन डाइशना आणलं, ते मोशिरींनी आणलेले सातवे कायमचे मॅनेजर. पक्का स्ट्रायकर मात्र कोणाला सुचला नाही. आमचा स्ट्रायकर कॅल्व्हर्ट-लुइन जखमी, हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते त्याचं आडनाव वाटायला लागलंय. संचालक मंडळी जानेवारीपासून सुरक्षेचं कारण सांगून स्वतःच्याच मैदानावर फिरकत नाहीत. मार्चमध्ये लीगने हिशेबाच्या नियमांवरून प्रकरण स्वतंत्र आयोगाकडे दिलं. आणि आमचं मैदान, गुडिसन पार्क, तरीही दर वेळी भरतं. लोक टीमच्या बसच्या स्वागताला निळा धूर करून रस्त्यावर उभे राहतात. गेल्या वर्षीही क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 0-2 वरून 3-2 करून वाचलो, तेव्हा सगळे म्हणाले, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. बरोबर बारा महिन्यांनी तेच. ज्यांनी वाटोळं केलं त्यांना दोन तास नखं खात बसावं लागत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

मध्यंतराला आम्ही शेवटच्या तिघांत होतो. तिकडे लेस्टरने गोल केला होता. 2016 ला अख्ख्या जगाला तोंडात बोट घालायला लावून विजेता झालेला तो क्लब आता आमच्याशी सतराव्या जागेसाठी भांडत होता. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. मी मामांना हे सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "आउटफील्डचं काही खरं नाही."

सव्वादहाच्या सुमारास, 57 व्या मिनिटाला, बाहेर आलेला चेंडू आमच्या डुकुरेने बॉक्सच्या कडेवरून सणकन मारला. मी ताडकन उठलो. "गेला! गेला!" वाटी आडवी झाली, मोबाईल रसात.

मामा पडद्याच्या जवळ सरकले. "कुठं गेला? पडतोय की अजून."

उरलेली मॅच मी रस पुसत, केशरी काचेतून बघितली. नव्वद मिनिटं झाल्यावर रेफ्रीने दहा मिनिटं जादा दिली. दहा! लेस्टर जिंकत होतं, आमच्यासारख्याच धोक्यात असलेल्या लीड्सची टॉटनहॅमकडून धुलाई चालली होती. एक गोल खाल्ला असता तर सगळं संपलं असतं. आमच्या गोलकीपर पिकफर्डने शेवटी शेवटी एक चेंडू अडवला तेव्हा मी सोफ्याची उशी चावली होती, हे बायकोने आज सकाळी सांगितलं. शिटी वाजली. 1-0. सतरावा नंबर, 36 गुण. लेस्टर 34 गुणांवर खाली.

माझे डोळे भरून आले होते. मामांनी ते बघितलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "जिंकले का?"

"वाचले."

"कप मिळाला?"

"नाही."

"पैसे?"

"नाही हो. आहेत तिथेच राहिले."

मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात टीव्हीवर जाहीर झालं की फायनल आज होणार नाही, उद्या राखीव दिवशी होईल. मामा प्रसन्न झाले. एसटीचं तिकीट रद्द करायला मलाच सांगितलं आणि कापलेला पैसा किती, तेही विचारलं नाही.

"उद्या तुमची नाही ना मॅच?"

"नाही. आमचं आता एकदम ऑगस्टमध्ये. 12 तारखेच्या आसपास."

मामा उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून ऑगस्टवर आले आणि बोट टेकवलं. "अधिक श्रावण आहे. धोंड्याचा महिना. मग तुम्ही दोघं आमच्याकडेच मिरजेला. काळजी करू नका, टीव्ही आहे आमच्याकडे. तुमच्याहून मोठा."