‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांना

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आल्यावर डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली. त्या गोंधळावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळी लिहून मोकळी होणार होते, पण उत्तर वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकते. प्रतिक्रिया जशीच्या तशी अशी:

“ताई, लेख भावनिक छान जमलाय. पण महिन्याला लाखो रुपये घेणाऱ्या पायलटांनी थकव्याचं रडगाणं गाऊ नये. पुणे-दिल्ली तिकिटाला मी पस्तीस हजार मोजले, ते कोण देणार? नियम कधी आले तेही तुम्ही चुकीचं लिहिलंय. एअर इंडिया यूनियनने बुडवली, आता तीच युनियनबाजी इथे. आणि हे पायलट कधी सामान उचलणाऱ्या कंत्राटी लोडरसाठी भांडलेत का? अभ्यास वाढवा.”

‘ताई’पासून सुरुवात करते. मला ताई म्हणणारे पुष्कळ आहेत, भाजीवाल्यापासून भाच्याच्या मित्रांपर्यंत, आणि कुणाचंही कधी खटकलं नाही. तुमचं खटकलं, कारण त्या ताईच्या पाठोपाठ ‘भावनिक’ आलं. लेखात तासांचा हिशेब होता, दिल्ली उच्च न्यायालयातल्या प्रकरणाचा उल्लेख होता. हेच एखाद्या बाप्याने लिहिलं असतं तर तुम्ही त्याला ‘सविस्तर’ म्हणाला असतात. असो.

तारखेची चूक मान्य. वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे सुधारित नियम 2025 मध्ये आले असं मी लिहिलं होतं. ते डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, जाहीर केले जानेवारी 2024 मध्ये, अंमल ठरला होता 1 जून 2024 पासून, आणि विमान कंपन्यांनी कुरकुर केल्यावर तो पुढे ढकलला गेला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण साहेब, ही दुरुस्ती तुमच्याच अंगावर येते हे लक्षात आलं का? कंपन्यांना तयारीला वेळ कमी मिळाला नव्हता, मी लिहिला त्याहून कितीतरी जास्त मिळाला होता.

आता ‘रडगाणं’.

1997 पासून चौदा वर्षं मी मुंबईत एका विमान कंपनीच्या क्रू शेड्यूलिंगमध्ये काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. कुठल्या विमानावर कोण जाणार, कोण आजारी, कुणाचे तास भरले, स्टँडबायवर, म्हणजे राखीव, कोण उरलंय, हे बघायचं आमचं काम. आमच्या खोलीत दिवसातून शंभरदा एक शब्द ऐकू यायचा: ‘लीगल’. “तो लीगल आहे का?” म्हणजे तो माणूस ताजातवाना आहे का, असं नव्हे. कागदावर त्याच्या विश्रांतीचे तास पुरे झालेत का, एवढंच. विश्रांती दुपारी बारा ते रात्री बारा असली, खाली रस्ता खणायला घेतलेला असला, घरात तान्हं मूल असलं, तरी तो लीगल.

जुलैतली एक रात्र, पावणेतीन वाजलेले. बाहेर धो धो पाऊस, एका को-पायलटचा पोट बिघडल्याचा फोन आलेला, आणि स्टँडबायच्या यादीत एकच नाव उरलेलं. पोरगा वाशीला राहायचा. मी घरी फोन लावला, आईने उचलला. “अगं, आत्ताच डोळा लागलाय त्याचा,” ती म्हणाली. मी म्हटलं, “काकू, उठवा ना, गाडी निघालीये.” तो फोनवर आला आणि एकच विचारलं, “किती सेक्टर?” म्हणजे किती उड्डाणं. मी म्हटलं, “दोनच.” समोरच्या पांढऱ्या फळ्यावर त्याच्या नावापुढे चार सेक्टर मी स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. चार सांगितले असते तर तो ‘अनफिट’ म्हणाला असता, तो त्याचा हक्कच होता, आणि सकाळचं पहिलं विमान उभं राहिलं असतं. तो आला. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. त्यानंतर मी तिथे होते तोवर माझ्याकडून त्याने तोंडी काही घेतलं नाही. “मॅडम, प्रिंट द्या.” एवढंच.

तेव्हा माझ्या हातात साडेअकरा हजार पडायचे. त्यामुळे लाखवाल्यांची तळी मी कशासाठी उचलेन? उलट सांगते, त्यातले कित्येकजण आमच्याशी तुसड्यासारखे वागायचे आणि आम्ही मागे त्यांना नावं ठेवायचो. पण पगार जास्त असला की झोप कमी लागते, हे गणित मला चौदा वर्षांत कधी सुटलं नाही. तुम्हाला सुटलं असेल तर जरूर सांगा.

22 मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, 158 माणसं गेली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत निघालं की कॅप्टन उड्डाणातला दीड तासाहून जास्त वेळ झोपलेला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज आहे. जागा झाला तरी झोपेची झापड उतरलेली नव्हती. शेजारचा को-पायलट ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता परत वर घ्या, म्हणत होता, तरी कॅप्टनने विमान उतरवलंच. ही झोप रोस्टरमुळे आली असं मी म्हणत नाही, तुम्ही लगेच ते पकडाल म्हणून आधीच सांगितलं. पण पहाटेची झोप माणसाचं काय करते हे त्यात स्वच्छ दिसतं. मोठ्या पगाराचा अनुभवी कॅप्टन होता तो.

नव्या नियमांत जुन्याहून वेगळं काय आहे? आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास. ‘रात्र’ मध्यरात्रीपासून पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची. आणि रात्रीच्या वेळेत लँडिंग सहाऐवजी दोन. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो, देशातली सर्वांत मोठी कंपनी, आडवी झाली. 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द. पायलट संपावर गेले होते का? नाही. माणसं कमी होती, बस्स. आणि सरकारने केलं काय, तर त्याच दिवशी त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. कंपनीने भरती वेळेत केली नाही, त्याची किंमत वैमानिकाच्या झोपेतून वसूल करायची. साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीकडे असले की ती आडवी झाल्यावर मंत्रालयही वाकतं. लेखाचा मुद्दा हा होता. तुमच्या सात वाक्यांत त्यावर एक शब्द नाही.

बाकीचं थोडक्यात.

पस्तीस हजारांचं मला खरंच वाईट वाटतं. तिकीट कधी काढलंत ते बघा. 6 डिसेंबरला सरकारने भाड्याला कमाल मर्यादा घातली. पुणे-दिल्ली हजार ते दीड हजार किलोमीटरच्या गटात येतं, म्हणजे तेव्हा इकॉनॉमीला 15,000 रुपये होती, वर कर आणि विमानतळाचे आकार. ती मर्यादा असतानाचं तिकीट असेल तर तक्रार करा. पण ते पैसे पायलटच्या खिशात गेले नाहीत हो.

एअर इंडिया युनियनने बुडवली, हे मी पंचवीस वर्षं ऐकतेय. इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण 2007 मध्ये झालं, दोन्ही कंपन्यांनी मिळून 111 विमानांची ऑर्डर त्याच्या थोडी आधी दिली. हे निर्णय काय कँटीनमधल्या कामगारांनी चहा पिता पिता घेतले होते? यावर कधीतरी वेगळं लिहीन, आत्ता नाही.

लोडरचा प्रश्न चांगला आहे, पण लेखाचा विषय तो नव्हता. तुम्ही कधी भांडलात का लोडरसाठी? बॅग उशिरा आली म्हणून बेल्टपाशी भांडला असाल, ते धरत नाही.

राहिलं ‘अभ्यास वाढवा’. तुमची प्रतिक्रिया रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी आलेली दिसते. ‘युनियन’ हा शब्द एकाच वाक्यात दोन तऱ्हांनी लिहिलाय. मी दुरुस्त केलेला नाही.