‘मधुमेह कायमचा बरा होतो’ या मेसेजबद्दल खुलासा

‘ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, मधुमेह कायमचा बरा होतो, गोळ्या फेकून द्या,’ असा मेसेज सध्या फिरतोय. मेसेजमागचं संशोधन खरं आहे. निष्कर्ष मात्र पाठवणाऱ्याच्या पदरचा.

हा ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास. रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या चमूने तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात टाइप 2 मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे आणि वजन जास्त असलेले लोक होते. टाइप 1 वाल्यांचा इथे संबंधच नाही. तीन ते पाच महिने रोजचं जेवण बंद, त्याऐवजी दिवसाला साधारण 850 कॅलरींची सूप आणि शेक. गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या, हे खरं. पण देखरेखीखाली, आणि साखर वाढली तर पुन्हा सुरू करायच्या तयारीने. मेसेजमधून नेमकं हेच गाळलंय.

वर्षभरानंतर 46 टक्के लोकांची एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) औषधाविना 6.5 टक्क्यांखाली, म्हणजे मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पंधरा किलो किंवा त्याहून जास्त वजन घटवणाऱ्यांत हेच प्रमाण 86 टक्के. दोन वर्षांनी मात्र एकूण आकडा 36 वर आला. वजन परत चढलं की साखरही बहुतेकदा परतते. म्हणून संशोधक याला ‘रेमिशन’ म्हणतात, म्हणजे आजार आटोक्यात; तपासण्या चालूच ठेवायच्या. इन्सुलिन घेणाऱ्याने असला मेसेज वाचून ते बंद केलं, तर जिवावर बेतू शकतं.