प्रतिक्रियेला उत्तर : इंटिग्रल, सब्स्टिट्यूशन आणि ऑनलाइन कॅल्क्युलेटर

नमस्कार. आपला आक्षेप असा, की इंटिग्रल सोडवून देणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरची शिफारस करून मी विद्यार्थ्यांच्या हाती कुबड्या देतो आहे, आणि बारावी किंवा जेईईच्या परीक्षेत त्या नसल्या की मुले तोंडघशी पडतील. परीक्षेपुरते ते खरे आहे. मात्र सब्स्टिट्यूशनचे, म्हणजे चल बदलून इंटिग्रल सोपे करण्याचे, ठरावीक प्रकार घोटून घेतले की भागते, हा त्यापुढचा आपला निष्कर्ष मला पटत नाही.

'१ भागिले (२ अधिक कॉस एक्स)' या फलनाचे ० ते २ पाय या मर्यादांतील इंटिग्रल, म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ, घ्या. 'टी = टॅन (एक्स/२)' हे सब्स्टिट्यूशन घोटलेला विद्यार्थी चटकन लिहील, पण टॅन ० आणि टॅन पाय ही दोन्ही मूल्ये शून्य असल्याने नव्या मर्यादा सारख्याच होतील आणि उत्तर शून्य येईल. मूळ फलन तर सर्वत्र १/३ ते १ यांच्या दरम्यान आहे. म्हणजे क्षेत्रफळ किमान २.०९ असलेच पाहिजे. गोम अशी, की एक्स = पाय येथे टॅन (एक्स/२) ला मूल्यच नाही. तेथे दोन तुकडे पाडले, तर प्रत्येकाचे मूल्य 'पाय भागिले वर्गमूळ ३' आणि बेरीज सुमारे ३.६३ येते. कॅल्क्युलेटरला मर्यादा दिल्यास तोही ३.६३ दाखवतो, परंतु त्याच्याकडून मर्यादांविना टॅनमधले सूत्र घेऊन त्यात आपण ० आणि २ पाय भरले, तर पुन्हा शून्यच पदरी पडते. ही तफावत डोळ्यांसमोर आल्यावर जो कारण शोधतो, त्याला सब्स्टिट्यूशन कोठे चालते आणि कोठे नाही हे कळते. माझी शिफारस एवढ्यासाठीच होती.

'साइन एक्स गुणिले कॉस एक्स' याचे कॅल्क्युलेटरचे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, हा आपला दाखला मात्र गैरलागू आहे. 'साइन वर्ग एक्स भागिले २' आणि 'उणे कॉस २एक्स भागिले ४' यांत फरक फक्त १/४ या स्थिरांकाचा आहे. दोन्हींचे विकलन (डिफरन्शिएशन) करून पाहावे, मूळ फलनच मिळेल.

शिवाय 'ई चा उणे एक्स वर्ग घात' यासारख्या फलनाचे इंटिग्रल परिचित फलनांत मांडताच येत नाही. ते का शक्य नाही, हे ठरवण्याचा पाया फ्रेंच गणितज्ञ लिउव्हिल यांनी १९व्या शतकातच घातला होता. येथे कॅल्क्युलेटर 'एरर फंक्शन' (याच इंटिग्रलवरून व्याख्या केलेले खास फलन) असे उत्तर देतो, आणि घोटलेली सब्स्टिट्यूशन एकामागून एक लावत बसलेल्या मुलाला निदान थांबायचे कोठे ते समजते.