विज्ञान फितूर होत नाही म्हणे

1 जुलै 2024 ला तिकडे भारतात नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्या दिवशी माझा मावसभाऊ फोनवर भलताच खुशीत होता. तो सत्र न्यायालयात वकिली करतो. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, असं आता कायद्यात आलंय (अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, हे तो हळूच म्हणाला). "दादा, पंच फितूर होतात, साक्षीदार फितूर होतात. विज्ञान नाही होत."

मी सिडनीत राहतो. इथे असं छातीठोक बोलणं जरा जड जातं, आणि त्याला चेंबरलेन खटला कारणीभूत आहे. 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रसिद्ध खडकाजवळच्या तळावरून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे इथल्या रानकुत्र्याने नेली, असं आई सांगत होती. सरकारी प्रयोगशाळेने मात्र गाडीत तान्ह्या बाळाचं रक्त सापडल्याचं सांगितलं आणि 1982 मध्ये आईला जन्मठेप झाली. पुढे उघड झालं की रक्त म्हणून दाखवलेले काही शिंतोडे गाडीच्या कारखान्यात मारलेल्या आवाजरोधक फवाऱ्याचे होते. 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली. या सगळ्यात कुणी पैसे खाल्ले नव्हते.

आपल्याकडे तज्ज्ञाच्या पक्षपाताचा विषय निघाला की गाडी लगेच 'रिपोर्ट मॅनेज केला' या स्टेशनावर थांबते. तसं होतही असेल. पण मला धास्ती वाटते ती प्रामाणिक तज्ज्ञाची. इतिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये बोटांचे ठसे तपासणाऱ्या पाच अनुभवी तज्ज्ञांसमोर त्यांनीच पूर्वी 'जुळतात' म्हटलेले ठसे पुन्हा ठेवले, फक्त या वेळी गोष्ट वेगळी सांगितली: अमेरिकेच्या एफबीआयने माद्रिद बॉम्बस्फोटात चुकून जुळवलेले ठसे ते हेच. तिघांनी चक्क 'जुळत नाहीत' म्हटलं, एकाला ठरवता येईना, एकच जण जुन्या मतावर ठाम राहिला. ठसे तेच, माणसंही तीच!

आता आपला रिवाज बघा. मुद्देमाल प्रयोगशाळेत जातो तेव्हा सोबतच्या पोलिसांच्या पत्रात बहुधा गुन्ह्याची हकिकतही असते. म्हणजे पाकीट उघडण्याआधीच आरोपी कोण आणि त्याने काय केलं, हे प्रयोगशाळेतल्या तपासनिसाला कळलेलं. शिवाय सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. ही सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 मध्ये होती, नव्या कायद्यातही ती आहेच.

"बोलावला तर उलटतपासणीत सगळं बाहेर काढू की," भाऊ म्हणाला. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक गॅरी एडमंड यांचं बरंच संशोधन नेमकं या भरवशावर बोट ठेवतं. उलटतपासणी, न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेली समज, दुसरा तज्ज्ञ ही कवचं कागदावर जितकी जाड दिसतात तितकी खटल्यात ठरत नाहीत. मला ते पटतं. मुळात प्रयोगशाळेत काय सांगून ठेवलं होतं, हेच वकिलाला ठाऊक नसेल तर तो विचारणार काय? आणि आरोपी गरीब असेल तर दुसरा तज्ज्ञ आणणार कोण?

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र मुळीच नाही. ज्या देशात एडमंड लिहितात, त्याच देशात कॅथलीन फोल्बिग ही बाई स्वतःच्या चार मुलांच्या मृत्यूंसाठी 2003 पासून तुरुंगात होती. मृत्यू नैसर्गिकही असू शकतात असं सुचवणारं, मुलींमधल्या जनुकीय बदलाचं संशोधन पुढे आलं, चौकशी झाली, तेव्हा कुठे 2023 मध्ये ती सुटली. वीस वर्षं!

म्हणून भावाला मी एवढंच म्हटलं, नवी यंत्रं येतीलच, पण त्याआधी ती हकिकत पत्रातून काढायला लावा. त्याला पैसा लागत नाही. तपासनिसाला नमुना द्या, नेमका प्रश्न द्या, बाकी काही सांगू नका.

तो हसला. "दादा, इथे सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल, वेळेत आला तरी आम्ही पेढे वाटतो." मग थोडं थांबून म्हणाला, "ते पत्र मात्र मी आजवर एकदाही मागवून वाचलेलं नाही."