नुसतं ‘नो फिश’ सांगून भागत नाही

बँकॉक-फुकेतला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘माशांची ॲलर्जी आहे? चिकन किंवा भाज्यांची डिश मागवा, “नो फिश” सांगा. फिश सॉस आंबवून शिजवलेला असतो, त्यात मासा उरत नाही. काही झालंच तर सेट्रिझिन घ्या.’ यातलं एकही वाक्य विश्वास ठेवण्याजोगं नाही.

‘चिकन किंवा भाज्या मागवा.’ आपल्याकडे मिठाचं जे काम, तेच तिथे बहुतेक वेळा नाम प्ला, म्हणजे फिश सॉस, करतो. हा अँकोव्हीसारखे बारके मासे मिठात कित्येक महिने मुरवून गाळलेला रस. पॅड थाय, तोम याम, चिकन घातलेली ग्रीन करी, परतलेली साधी पालेभाजी, टेबलावरची मिरच्यांची वाटीसुद्धा, सगळीकडे तो असतो. ईशान्येकडच्या पद्धतीच्या सोम ताममध्ये (कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये) वर ‘प्ला रा’सुद्धा पडतो, म्हणजे आंबवलेले गोड्या पाण्यातले मासे. करीच्या वाटणातला कापी हा आंबवलेला गोळा मात्र जवळ्यासारख्या कोळंबीचा. कोळंबीची आणि माशांची ॲलर्जी वेगवेगळी. तरी जाळ्यात बारके मासेही येतात, म्हणून जपलेलं बरं.

‘“नो फिश” सांगा.’ आचारी माशाचे तुकडे घालणार नाही आणि प्रामाणिकपणे ‘यात मासा नाही’ म्हणेल. नाम प्ला त्याच्या हिशेबात मासा नसतोच! थाई लिपीतलं कार्ड न्या. त्यात ॲलर्जी, नाम प्ला, प्ला रा आणि कढई-पळी धुऊन घेण्याची विनंती, सगळं लिहिलेलं हवं. त्याहून सोपं म्हणजे पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ) लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मासा, मांस, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. आपल्या जैन सहप्रवाशांनी कंदमुळांचं तेवढं विचारून घ्यावं. पाकीटबंद पदार्थांचं लेबल मात्र तिथेही वाचा.

‘आंबवून शिजवलं की मासा उरत नाही.’ माशांच्या ॲलर्जीमागचं मुख्य प्रथिन पार्व्हअल्ब्युमिन, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. आंबवण्यात प्रथिनं तुटतात, पण ॲलर्जी उठवणारे अंश राहू शकतात.

‘सेट्रिझिन घ्या.’ खाज आणि गांधी त्याने कमी होतील. घसा आवळला, श्वास लागला किंवा रक्तदाब कोसळला तर त्याचा उपयोग नाही. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, तेही लगेच. पूर्वी तीव्र रिॲक्शन आलेली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून ते लिहून घ्या आणि विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. थायलंडमध्ये ॲम्ब्युलन्सचा नंबर १६६९.